विद्यार्थ्यांनी चालविलेले शास्त्रशिक्षण : एक जुनी परंपरा

विद्यादान हे पोक्त शिक्षकांचेच काम, अशी समजूत आपल्या समाजात फार दिवस रूढ आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. आपल्या मुंबई इलाख्यात पाश्चात्य शास्त्रे देशी भाषांत आणण्याच्या कार्यास ज्यांनी प्रथम हात घातला, त्यांत कॉलेजात शिकणाऱ्या तरुणांचा वाटा मोठा होता. ज्ञातिबांधवांच्या मुलामुलींस हा वृत्तान्त ठाऊक असावा, म्हणून तो येथे थोडक्यात देत आहोत.

कोकणचे सुपुत्र बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक होते. 1840 साली त्यांनी काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत येऊ लागले. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. 1846 साली ऐन उमेदीत त्यांचा अंत झाला. परंतु पेरलेले बीज वाया गेले नाही.

जून 1848 मध्ये प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एल्फिन्स्टनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. लगेच तिची मराठी शाखा, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, निघाली व दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष झाले. सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. 1850 साली निघालेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाने हे ज्ञान मुंबईबाहेरच्या वाचकांपर्यंत नेले.

याहून मोठे धाडस 1849 साली झाले. सोसायटीच्या तरुणांनी मराठी व पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. पगारी शिक्षक ठेवण्यास पैसा नव्हता. तेव्हा हे विद्यार्थी सकाळी स्वतः मुलींस शिकवीत आणि नंतर आपल्या कामास जात. त्यांत दादाभाई नौरोजी होते. मुलींनी शिकणे हेच ज्या काळी अनेकांस अनिष्ट वाटे, त्या काळी घरोघर जाऊन पालकांचे मन वळविणे सोपे नव्हते. पुढे जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या थोरांचा आश्रय लाभला. पण आरंभ निर्धन विद्यार्थ्यांनी केला, हे विसरता कामा नये.

हीच परंपरा पुढे अनेक रूपांनी चालली. 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली; 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. 1987 साली 2 ऑक्टोबर ते 7 नोव्हेंबर या काळात भारत जन विज्ञान जथा देशभर फिरला. गाणी, नाटके व प्रयोग यांच्या द्वारे शास्त्र लोकांच्या दारी आले.

आपल्या जिल्ह्यासही या इतिहासात स्थान आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची विचलित होईल, हे ओळखून 1904 साली अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून चुंबकाचा परिणाम न होणारे साहित्य वापरले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तेथे आजही होते. आमच्या निडी-रोहे-नागोठणे भागातील किती मुलांस हे ठाऊक असेल?

आम्ही अनेक वर्षे शाळेत शिकविले. एका शाळेत शास्त्राच्या साहित्याचे कपाट कुलूपबंद असे. भिंग फुटेल, चुंबक हरवेल, ही भीती. मुले पुस्तकातील चुंबक पाठ करीत आणि हातातल्या चुंबकास मुकत. वस्तू सांभाळल्या गेल्या. जिज्ञासा मात्र कोमेजली.

आज निडी स्टेशनावरून आगगाडीने कॉलेजास जाणारी आपली मुले-मुली पुष्कळ आहेत. संघाच्या शिष्यवृत्तीचा लाभ त्यांपैकी काहींस मिळतो. त्यांनी महिन्यातील एक रविवार गावच्या धाकट्या मुलांस द्यावा, अशी आमची विनंती आहे. त्यास मोठे साहित्य लागत नाही. उन्हात रोवलेल्या काठीची सावली तासातासाने मोजावी, भिंगाखाली भाताचे फूल पाहावे, सुईस चुंबक घासून ती पाण्यावर पानात तरंगवावी व ती उत्तर दाखविते हे मुलांनी स्वतः पाहावे. मात्र हे वर्ग केवळ ज्ञातीच्या मुलांपुरते नसावेत. आदिवासी वाडीतील मुलगाही त्याच ओळीत बसावा. एकदा प्रयोग करून थांबू नये. मुलांच्या शंका लिहून घेऊन पुढील रविवारी त्यांची उत्तरे द्यावीत.

शिष्यवृत्तीची रक्कम संघ परत मागत नाही. विद्येचे ऋण मात्र विद्या देऊनच फिटते. 1849 सालच्या त्या तरुणांनी ते स्वतः विद्यार्थी असतानाच फेडण्यास आरंभ केला. आपल्या तरुणांनीही पदवीची वाट पाहू नये.