पीआरची फाइल आणि कोतवाल बुक

कुशल कामगारांना गुण देऊन पीआर द्यायची पद्धत कॅनडाने 1967 साली आणली. ऑस्ट्रेलिया नंतर त्याच वाटेने गेला. आपला जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा. त्याआधी बारामती-इंदापूरकडे जन्म लिहिला जायचा गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. जुनं असेल तर मोडीत! बापाचं नाव, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बऱ्याचदा नाहीच. बारसं व्हायचं असायचं ना!

नव्या कायद्यातही कलम 14 नावाशिवाय नोंद चालवून घेतं. माझ्याही दाखल्यावर तो रकाना कोराच होता. ऑस्ट्रेलियाची फाइल जुळवताना जन्माचा पुरावा मागितला, तेव्हा पदवीआधी मला ग्रामसेवकाकडे जाऊन नाव चढवावं लागलं.