ब्रेकचे भाग केव्हा बदलावेत? तपासणीनंतरचा निर्णय मोजमापावर घ्यावा

सर्व्हिसिंगसाठी दिलेली मोटार परत घेताना अनेकांच्या कानी एक वाक्य पडते : ‘पॅड संपत आलेत, बदलून घ्या.’ एवढ्या सांगण्यावरून काही वाहनधारक घाबरून जे सांगितले जाईल ते सारे बदलून घेतात. दुसरे काही जण, गाडी अजून नीट थांबते आहे ना, असे म्हणून तो खर्च पुढच्या खेपेवर ढकलतात. पहिल्या प्रकारात पैसा विनाकारण जातो, दुसऱ्या प्रकारात जिवाला धोका संभवतो. ‘संपत आलेत’ हे मोजमाप नव्हे. पॅडची जाडी किती उरली, मर्यादा कोणती आणि पुढच्या तपासणीपर्यंत गाडी किती व कोणत्या रस्त्यांवरून धावणार, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निर्णय घेणे योग्य ठरते.

पॅडची जाडी कशी समजून घ्यावी

आजच्या बहुतेक मोटारींना पुढच्या चाकांत डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळले जातात आणि त्या घर्षणाने गाडी थांबते. पॅडचे दोन भाग असतात : मागची पोलादी पाटी आणि तिच्यावर बसवलेला घर्षणाचा थर. झिजतो तो हा थर. म्हणून मोजायची ती केवळ थराची जाडी. पोलादी पाटीसह मोजल्यास झिजलेला पॅडही जाड भासतो.

नव्या पॅडवरील थर साधारणपणे १० ते १२ मि.मी. असतो. तो ३ मि.मी.च्या आसपास आला की पॅड बदलावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे; २ मि.मी.च्या खाली गेल्यावर वाट पाहू नये. प्रत्येक मोटारीची नेमकी मर्यादा तिच्या माहितीपुस्तिकेत किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळते आणि तीच अंतिम मानावी.

समजा, ३० हजार कि.मी. धावलेल्या गाडीच्या पॅडवर ११ पैकी ५ मि.मी. थर उरला आहे. म्हणजे दर ५ हजार कि.मी.ला १ मि.मी. झीज झाली. ३ मि.मी.ची पातळी गाठण्यास आणखी सुमारे १० हजार कि.मी. लागतील. पुढचे सर्व्हिसिंग ५ हजार कि.मी.वर असेल तर आज पॅड बदलण्याची निकड नाही. मात्र ते थेट १० हजारांवर असेल आणि मध्ये घाटातून वरचेवर जाणे होणार असेल, तर आताच बदललेले बरे. हा हिशेब ढोबळ आहे. वाहन चालवण्याची पद्धत बदलली की झिजेचा वेगही बदलतो.

बऱ्याच पॅडना एक पातळ पोलादी पट्टी जोडलेली असते. थर कमी झाला की ती डिस्कला घासते आणि किंचाळल्यासारखा बारीक आवाज येतो. ही सूचना मिळताच पॅड बदलून घ्यावेत. आवाज खरखरीत, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा येऊ लागला, तर थर पूर्णपणे संपून पाटीच डिस्क कोरत आहे, असे समजावे. अशी गाडी पुढे चालवू नये.

असमान झीज : केवळ पॅड बदलून भागत नाही

एकाच चाकातील आतला पॅड २ मि.मी. आणि बाहेरचा ६ मि.मी. असेल, तर दोष पॅडचा नसतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या असतील, किंवा पिस्टन मागे येत नसेल. तो दोष दूर न करता नवे पॅड बसवले तर तेही लवकरच झिजतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि गोव्याच्या पावसाळ्यात हा प्रकार अधिक संभवतो. घरातील माणूस बोटीवर वा आखाती देशांत नोकरीला असल्याने महिनोन्महिने दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची स्थिती तर विशेष पाहावी लागते. त्यांच्या बाबतीत किलोमीटरचा आकडा कमी दिसतो. परंतु गंज किलोमीटर मोजत नाही. त्यामुळे चारही चाकांतील आतल्या व बाहेरच्या पॅडची जाडी स्वतंत्रपणे विचारावी.

डिस्क आणि ड्रम

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो, त्यामागे ‘मिन. टीएच.’ अशी खूण असते. मोजलेली जाडी त्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी असल्यास डिस्क बदलणे अपरिहार्य आहे. पातळ डिस्क उष्णता कमी सामावून घेते आणि तिला तडे जाण्याचा धोका वाढतो. जाडी मर्यादेच्या किंचितच वर असेल, तर नवे पॅड संपेपर्यंत ती टिकेल का, हे विचारावे. टिकणार नसेल तर दोन्ही कामे एकदमच करणे मजुरीच्या दृष्टीने परवडते.

रात्रभरच्या पावसानंतर सकाळी डिस्कवर दिसणारा तांबूस थर हा दोष नव्हे. दोन-चार वेळा ब्रेक लावल्यावर तो निघून जातो. बारीक रेषाही चालतात. नखाला स्पष्ट जाणवणाऱ्या खोल चरा, तडे, किंवा ब्रेक लावताना स्टिअरिंगला व पायाखाली जाणवणारी थरथर मात्र तपासून घ्यावी.

मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असल्यास शूवरील लायनिंग पाहावे लागते. ते मुळातच पातळ असते आणि साधारण १ ते १.५ मि.मी. उरल्यावर बदलतात. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागणे, हे झिजेचे एक लक्षण आहे. ड्रम उघडल्यावर आत ओल दिसली तर सिलिंडर गळत असण्याची शक्यता असते. तेलाने माखलेले लायनिंग जाड असले तरी निरुपयोगी होय.

ब्रेक ऑइल विसरू नये

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही किमान पातळी १५५ अंश आहे. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास उष्णता वाढते, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकाएकी खाली जाते. पॅड नवे असूनही ब्रेक लागत नाही, तो असा. म्हणून पुस्तिकेत वेगळे सांगितले नसल्यास दर २ वर्षांनी ऑइल बदलावे आणि घाट उतरताना खालच्या गिअरचा आधार घ्यावा.

पॅड झिजतात तशी टाकीतील ऑइलची पातळी हळूहळू उतरते. ती केवळ भरून काढल्याने झीज झाकली जाते. पातळी अचानक उतरली तर गळती असू शकते.

निर्णय तीन वर्गांत

* लगेच, गाडी न हलवता : ऑइलची गळती, पेडल तळाला जाणे, लोखंड घासल्याचा आवाज, डिस्कला तडा.
* थोड्याच दिवसांत, लांबच्या प्रवासाआधी : ३ मि.मी. वा त्याहून कमी थर, सूचक पट्टीचा आवाज, मर्यादेला टेकलेली डिस्क, असमान झीज, गाडी एका बाजूला ओढली जाणे.
* नोंद ठेवून पुढच्या तपासणीला : ५ मि.मी. वा अधिक आणि सर्वत्र सारखा थर, बारीक रेषा, वरवरचा गंज.

३ आणि ५ मि.मी.च्या मधल्या गाड्यांसाठीच वर दिलेला हिशेब उपयोगी पडतो. चतुर्थीला कुटुंबासह गावी जायचे असेल, तर निवाडा सुरक्षिततेच्या बाजूने द्यावा.

बदलताना आणि बदलल्यावर

पॅड किंवा डिस्क नेहमी एकाच आसावरील दोन्ही चाकांत बदलावी. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवल्यास गाडी एकीकडे ओढली जाऊ शकते. पुढचे पॅड झिजले म्हणून मागचेही बदलणे मात्र आवश्यक नसते. जुने भाग पाहायला मागावेत आणि मोजलेले आकडे बिलावर लिहून घ्यावेत. पुढच्या वेळी झिजेचा वेग काढण्यास तेच उपयोगी पडतात.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, अत्यावश्यक प्रसंग वगळता, जोरात ब्रेक लावणे टाळावे. पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसण्यास तेवढा अवधी लागतो.

वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. गल्लीत २० च्या वेगाने नीट थांबणारी गाडी महामार्गावर ८० च्या वेगानेही तशीच थांबेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून मेकॅनिकने ‘संपत आलेत’ म्हटले की, ‘किती मिलिमीटर उरलेत?’ हे आधी विचारावे.