बेडगी मिरची: पोत्यावर नाव बेडगीचं, पण आतली मिरची कोणती?

उन्हाळा आला की महाराष्ट्रातल्या घरांत वर्षभराच्या मसाल्याची यादी निघते. मालवणी मसाला असो की कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला, तिखटासाठी लवंगी किंवा संकेश्वरी मिरची आणि रंगासाठी बेडगी हे गणित बहुतेक घरांत ठरलेलं असतं. बेडगीचं गाव मात्र महाराष्ट्रात नाही. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात, पुणे-बंगळूर महामार्गापासून थोडं आत ब्याडगी नावाचं शहर आहे. त्यावरूनच मिरचीला हे नाव मिळालं. मराठीत त्याचं 'बेडगी' झालं, आणि काही दुकानदार आजही 'ब्याडगी'च म्हणतात.

या मिरचीची ओळख म्हणजे गडद लाल रंग, कमी तिखटपणा आणि वाळल्यावर सालीला पडणाऱ्या सुरकुत्या. तिचे दोन प्रकार आहेत. 'कड्डी' लांब आणि बारीक असते, तिच्यात बिया कमी असतात. 'डब्बी' आखूड आणि फुगीर असते. कन्नडमध्ये कड्डी म्हणजे काडी आणि डब्बी म्हणजे डबी, त्यामुळे नावावरूनच आकार कळतो. मसाल्यासाठी जाणकारांची पसंती सहसा डब्बीला असते.

मिरचीचा रंग 'अस्टा' या एककात मोजतात. बेडगीचा आकडा १५० च्या आसपास जातो, तर आंध्रातल्या गुंटूरच्या तिखट सन्नम मिरचीचा त्यापेक्षा कितीतरी कमी असतो. त्यामुळे बेडगीला स्वयंपाकघराबाहेरही मोठं गिऱ्हाईक आहे. तिच्यापासून ओलिओरेझिन नावाचा दाट लाल अर्क काढला जातो. तो खाद्यपदार्थांना रंग देण्यासाठी वापरतात आणि लिपस्टिक, नेलपॉलिशसारख्या सौंदर्यप्रसाधनांतही तो जातो.

शेतात काय होतं?

हावेरी, धारवाड आणि गदग जिल्ह्यांतली काळी जमीन हा बेडगीचा मुख्य पट्टा. डब्बीसाठी कुंदगोळचा परिसर प्रसिद्ध आहे. (हेच ते सवाई गंधर्वांचं कुंदगोळ.) इथली बेडगी परंपरेने पावसाच्या पाण्यावर घेतली जाते. मे-जूनमध्ये रोपवाटिकेत बी टाकतात. साधारण दीड महिन्याची रोपं झाली की जुलै-ऑगस्टमध्ये लावणी होते. नुसती मिरची लावणारे कमीच, त्याच शेतात कांदा आणि कापूसही असतो. आधी कांदा निघतो, मग मिरची, शेवटी कापूस. एक पीक बुडालं तर दुसरं हात देतं, असा हा जुना हिशेब आहे.

फळं झाडावरच लाल होऊन थोडी सुकू लागली की तोडणी सुरू होते. ती एकदम होत नाही, दोन-तीन वेळा शेतात जावं लागतं. नंतर मिरची कित्येक दिवस उन्हात पसरून वाळवतात. हा सगळ्यात नाजूक टप्पा. ओलावा राहिला तर बुरशी लागते, आणि नको तेव्हा पाऊस आला तर रंग उतरतो. रंग उतरला की भाव उतरलाच!

मग अडचण कुठे आहे?

२०११ मध्ये बेडगीला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. तरीही मूळ वाणाखालचं क्षेत्र कमी होत गेलं. फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळे पानं आकसतात, त्याला आपल्याकडे चुरडा-मुरडा म्हणतात. जुनं वाण त्याला लवकर बळी पडतं. शिवाय कोरडवाहू शेतात उत्पादनही कमी येतं.

त्याच वेळी '२०४३' सारखी संकरित वाणं आली. दिसायला ती बेडगीसारखी लांब आणि लाल. पाणी-खत दिलं तर उत्पादन कित्येक पट. बल्लारी-रायचूरपासून आंध्र-तेलंगणापर्यंत ती पसरली. त्यातली बरीच मिरची विकायला ब्याडगीच्याच बाजार समितीत येते, कारण सुक्या मिरचीच्या देशातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी ती एक आहे. म्हणजे 'ब्याडगीहून आलेली' मिरची 'बेडगी' वाणाची असेलच असं नाही. किरकोळ दुकानात तर दोन्हींवर एकच पाटी लागते.

११ मार्च २०२४ रोजी याच बाजारात भाव एकाएकी कोसळले. संतापलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कार्यालयाची तोडफोड केली, गाड्या पेटवल्या. त्यात आंध्र आणि बल्लारीकडून माल घेऊन आलेले शेतकरीही मोठ्या संख्येने होते. हा बाजार आता किती दूरच्या शेतांचा भाव ठरवतो, ते त्या दिवशी दिसलं.

दुसरं संकट सहज दिसत नाही. मिरचीत परागीभवन बऱ्याच प्रमाणात परस्परांत होतं. शेजारच्या शेतात संकरित मिरची असेल तर मधमाश्या तिचे परागकण बेडगीच्या फुलांवर आणतात. बेडगीचे शेतकरी मात्र पिढ्यानपिढ्या घरचंच बी राखत आले आहेत. चांगली फळं निवडून काढलेलं ते बीही मग हळूहळू मिश्र होत जातं. बी शुद्ध ठेवायचं तर बियाण्याचा प्लॉट इतर मिरच्यांपासून लांब हवा, आणि दोन-चार एकरवाल्याला ते जमणं अवघड.

दुकानात ओळखायचं कसं? मूळ बेडगी हातात घेतली की तिच्या दाट सुरकुत्या जाणवतात, संकरित मिरचीची साल तुलनेने गुळगुळीत असते. डब्बी मोडून पाहिली तर वास चांगला येतो आणि नाकाला झिणझिण्या येत नाहीत. भावही बघावा. चांगली डब्बी संकरित मिरचीपेक्षा बरीच महाग असते, त्यामुळे 'अस्सल डब्बी' स्वस्तात मिळत असेल तर पोत्यात हात घालून दोन-चार मिरच्या मोडून बघितलेल्या बऱ्या.