सवाईची रात्र आणि भोरची एसटी

गाणं ऐकायला तिकीट काढावं लागतं, हे आम्हा भोरकडच्या पोरांना पुण्यात गेल्यावर कळलं. चैत्रात राजवाड्यात रामनवमीचा उत्सव, गावोगावचे हरिनाम सप्ताह, कीर्तनं, भारुडं, जत्रेतला तमाशा. सगळं वर्गणीवर चालायचं आणि मांडव सगळ्यांना मोकळा असायचा. त्यामुळे मामा पहिल्यांदा ‘सवाई’ला घेऊन निघाला तेव्हा आईचा पहिला प्रश्न पैशांचाच होता. मामा म्हणाला, ‘‘अक्का, तिकीट भारतीय बैठकीचं आहे, झेपतंय. आणि लॉजचा खर्च नाहीच. गाणं उजाडेपर्यंत चालतं.’’

सवाई गंधर्व महोत्सव कोणासाठी होता, याचं माझ्या मते सगळं उत्तर मामाच्या त्या शेवटच्या वाक्यात आहे.

रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. धारवाडकडच्या कुंदगोळचे, उस्ताद अब्दुल करीम खाँचे शिष्य, आणि मराठी रंगभूमी गाजवलेले नट. १९५२ साली ते गेले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या निमित्ताने पुण्यात शिष्यांनी त्यांच्यासाठी गाणं केलं आणि तिथून महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाने तो चालवला, आणि भीमसेन जोशींनी तो आयुष्यभर खांद्यावर वाहिला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुबंधू-भगिनी मंडळी वर्षानुवर्षं येऊन गायली.

भीमसेन गुरूच्या शोधात पोरवयात घरातून पळाले आणि आगगाडीतून बिनतिकीट भटकले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी त्यांनी पाण्याच्या घागरी वाहिल्या. खिशात पैसे नसताना गाण्याची भूक काय असते, हे या माणसाला पुरतं ठाऊक होतं. खुर्च्यांच्या रांगांबरोबर जमिनीवरची बैठक या महोत्सवात टिकली, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

त्या पहिल्या रात्रीचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. शाळेचं पटांगण, वर मांडव, खाली सतरंज्या. डिसेंबरची थंडी आमच्या मावळाइतकी नसली तरी पहाटे दोनच्या पुढे बोचायचीच. पुणेकरांच्या अंगावर शाली, आमच्या अंगावर घोंगडी. शेजारच्या आजोबांनी घोंगडीला हात लावून पाहिला आणि ‘‘कुठले?’’ म्हणून विचारलं. ‘‘भोरचे’’ म्हटल्यावर त्यांनी सरकून जागा दिली, थर्मासमधला चहा दिला. आम्ही फडक्यात बांधलेली भाकरी आणि लसणाची चटणी पुढे केली. मधल्या एका गाण्याला मामा सतरंजीवरच घोरू लागला, कोणी हटकलं नाही. पहाटे तंबोरे पुन्हा जुळायला लागले तशी आजूबाजूची माणसं एकमेकांना हलवून उठवू लागली. समारोपाला भीमसेन बसायचे. तोवर आभाळ फटफटायला आलेलं असायचं, आणि सकाळचे राग खऱ्या सकाळी कानांवर पडायचे. आमच्यापैकी कुणालाच रागांची नावं येत नव्हती, तरी त्या स्वराची नि त्या उजेडाची सांगड लगेच समजली. अगदी शेवटी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लागायची. तेवढा वेळ पटांगण गप्प बसून असायचं.

तिथून चालत स्वारगेट, भोरची सकाळची एसटी, कात्रजचा घाट, कापूरहोळचा फाटा. वेल्ह्याकडचे दोघे-तिघे असायचे, ते चेलाडीला उतरायचे. अकराच्या सुमारास आम्ही शेतात.

मग रात्र आटली. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करणं भाग पडलं. शेजारच्या इमारतींतल्या आजारी माणसांचा आणि परीक्षेला बसलेल्या मुलांचा विचार केला तर नियम चुकीचा म्हणता येत नाही. पण गावाकडून येणाऱ्याची रात्रीची सोय त्यासोबत गेली. दहाला मांडवाबाहेर पडलेल्या माणसाने जायचं कुठे? नातेवाईक नसेल तर लॉज, आणि लॉजचं भाडं तिकिटाहून जड. मामाने त्यानंतर येणं सोडलं. त्याला गाण्याचा कंटाळा आला नव्हता, हिशेब जमत नव्हता, एवढंच.

महोत्सव मात्र थांबला नाही. रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण, मग रमणबाग, अशी जागा बदलत तो वाढतच गेला. २००७ साली भीमसेन इथे शेवटचे गायले, २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झालं, २४ जानेवारी २०११ला ते गेले आणि महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचं नाव आलं. समारोपाची ती जागा पुढे प्रभाताई अत्र्यांनी सांभाळली. जानेवारी २०२४ मध्ये त्याही गेल्या. करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ला, मांडव पडलाच नाही. २०२२च्या डिसेंबरात ६८वा महोत्सव झाला, तेव्हा लोक पुन्हा सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले.

आमच्याकडच्या लोकांच्या नजरेतून पाहिलं तर या वाटचालीतला एक बदल फार मोलाचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. २०१८पासून महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. मुकुंदनगर म्हणजे स्वारगेटच्या कुशीत. शिवाय कार्यक्रम आता दुपारीच सुरू होतो, रविवारी तर बाराच्या सुमारास. सकाळचं दूध घालून, जेवून निघालेला माणूस तीन-चार कलाकार ऐकून त्याच रात्री घरी परतू शकतो. तिकिटाचेही पैसे नसतील तर ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ आहेत. शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात त्याच दिवसांत सकाळी संगीतावरचे लघुपट दाखवतात, कलाकारांच्या मुलाखती होतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कलाकार समोर बसून आपण कसं शिकलो ते सांगतो, हे मांडवातही मिळत नाही. सकाळी तिथे, दुपारनंतर मुकुंदनगरला, असा एक दिवस मी दरवर्षी ठरवून काढतो.

माझी भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या शाळांना, भजनी मंडळांना विनंती आहे. येत्या डिसेंबरात एक दिवस राखून ठेवा. पाच-दहा जण मिळून भारतीय बैठकीची तिकिटं आधीच काढा. सोबत भाकरी बांधा, एक घोंगडी घ्या, आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ निघतानाच विचारून ठेवा.