स्कॅम १९९२: द हर्षद मेहता स्टोरी

स्कॅम १९९२: द हर्षद मेहता स्टोरी ही मुंबई शेअर बाजारातील दलाल हर्षद शांतिलाल मेहता यांच्या उदयास्तावर आधारित हिंदी वेबमालिका आहे. दहा भागांची ही मालिका ९ ऑक्टोबर २०२० रोजी सोनी लिव्ह या मंचावर प्रदर्शित झाली. दिग्दर्शन हंसल मेहता यांचे असून जय मेहता सहदिग्दर्शक आहेत. निर्मिती अप्लॉज एंटरटेन्मेंटने स्टुडिओ नेक्स्टच्या सहकार्याने केली. सुचेता दलाल व देबाशिष बसू या पत्रकारांनी लिहिलेले 'द स्कॅम' हे इंग्रजी पुस्तक हा मालिकेचा आधार आहे.

रोखे दलालांच्या जगावरील मालिका ही कल्पना नवी नव्हती. ब्रिटनमध्ये थेम्स टेलिव्हिजनने १९८९-९० या काळात 'कॅपिटल सिटी' ही मालिका दाखवली होती. तिच्यातील बँक काल्पनिक होती आणि पात्रे त्या बँकेची पगारदार माणसे होती. 'स्कॅम १९९२' मधील बँका, समभाग आणि बुडालेला पैसा मात्र खरा आहे. त्यामुळे मालिका समजण्यासाठी मूळ प्रकरण थोडक्यात माहीत असणे उपयुक्त ठरते.

मूळ प्रकरण

बँकांना आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत गुंतवून ठेवावा लागतो. एखाद्या बँकेला थोड्या दिवसांसाठी रोकड हवी असल्यास ती हे रोखे दुसऱ्या बँकेला विकत असे आणि ठरलेल्या दिवशी किंचित जास्त किमतीने परत घेत असे. किमतीतील फरक हेच व्याज. या व्यवहाराला 'रेडी फॉरवर्ड' म्हणत. प्रत्यक्ष रोखे हलवण्याऐवजी विकणारी बँक 'बँक रिसीट' नावाची पावती देई. रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातील नोंदी तेव्हा हाताने होत आणि त्यांना विलंब लागे.

दलालाचे काम दोन बँकांची गाठ घालून देण्याचे होते. प्रत्यक्षात धनादेश दलालाच्या खात्यात जमा होऊ लागले आणि मुदत संपेपर्यंत ती रक्कम शेअर बाजारात फिरू लागली. एसीसी या सिमेंट कंपनीच्या समभागाचा भाव सुमारे २०० रुपयांवरून ९,००० रुपयांपर्यंत चढला, तो याच पैशाच्या बळावर. पुढे पाठीशी रोखेच नसलेल्या पावत्याही चलनात आल्या. अशा पावत्या देणाऱ्यांत मुंबईची मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक आणि सातारा जिल्ह्यातील कराड येथे उगम असलेली बँक ऑफ कराड यांची नावे पुढे आली. बँक ऑफ कराड १९९२ मध्येच अवसायनात निघाली आणि नंतर तिचा व्यवसाय बँक ऑफ इंडियाकडे गेला. या घोटाळ्याची चर्चा दलाल स्ट्रीटपुरती मर्यादित राहते, पण त्याची झळ सर्वसामान्य ठेवीदारांच्या बँकांपर्यंत पोहोचली होती.

२२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ अंकांवर होता. दुसऱ्याच दिवशी टाइम्स ऑफ इंडियामध्ये सुचेता दलाल यांची बातमी आली आणि भारतीय स्टेट बँकेतील सुमारे ५०० कोटी रुपयांची तफावत उघड झाली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने एकूण रक्कम ४,०२४ कोटी रुपये ठरवली. खटल्यांसाठी विशेष न्यायालयाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मेहता यांना नोव्हेंबर १९९२ मध्ये अटक झाली. १९९९ मध्ये मारुती उद्योगाच्या निधीसंबंधीच्या खटल्यात त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाणे येथे, कोठडीत असताना, हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला.

कथानक आणि मांडणी

मालिकेचा आरंभ स्टेट बँकेचा एक भेदरलेला कर्मचारी (शारिब हाश्मी) वृत्तपत्राच्या कार्यालयात येतो तेथून होतो. त्यानंतर कथा मागे जाते. उपनगरातील लहान घर, जॉबर म्हणून उमेदवारी, भाऊ अश्विन (हेमंत खेर) यांच्यासह काढलेली ग्रो मोअर ही सल्लागार संस्था, नाणेबाजारातील प्रवेश आणि वरळीचे समुद्रासमोरील घर असे टप्पे येतात. मेहता यांची भूमिका गुजराती रंगभूमीवरील अभिनेते प्रतीक गांधी यांनी केली. श्रेया धन्वंतरी यांनी सुचेता दलाल, तर रजत कपूर यांनी केंद्रीय अन्वेषण विभागाचे के. माधवन साकारले. मंदीवाल्यांचा म्होरक्या मनू मुंदडा (सतीश कौशिक) हे पात्र 'ब्लॅक कोब्रा' म्हणून ओळखले गेलेले दलाल मनू माणेक यांच्यावरून बेतलेले आहे.

रेडी फॉरवर्डसारखा रुक्ष व्यवहार सामान्य प्रेक्षकाला कळेल अशा संवादांत उलगडणे हे मालिकेचे मोठे यश मानावे लागेल. दुसरे यश वातावरणनिर्मितीचे. मुंबई शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणकीय व्यवहार सुरू झाल्यावर हातवारे आणि आरोळ्यांनी चालणारी 'रिंग' इतिहासजमा झाली. ती येथे पुन्हा दिसते. मात्र नायकाच्या बाजूने झुकलेली सहानुभूती ही मालिकेची उणीवही आहे. बुडालेल्या गुंतवणूकदारांना तिच्यात फारच थोडी जागा मिळाली आहे, आणि मालिकेतील संवाद समाजमाध्यमांवर गाजले तेव्हा त्यांचा अर्थ बहुधा जोखीम घेण्याचे आवाहन असाच घेतला गेला.

प्रतिसाद आणि वाद

टाळेबंदीच्या वर्षात आलेल्या या मालिकेला प्रेक्षक व समीक्षक दोघांचीही दाद मिळाली. अचिंत ठक्कर यांचे शीर्षकसंगीत विशेष लोकप्रिय झाले. २०२१ च्या फिल्मफेअर ओटीटी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मालिकेसह दिग्दर्शन व अभिनयाचे पुरस्कार तिला मिळाले. बेळगावात शालेय शिक्षण झालेल्या आणि २००६ मध्ये पद्मश्रीने सन्मानित सुचेता दलाल यांचे कार्य यानिमित्ताने नव्या पिढीपुढे आले.

२०२१ मध्ये कराड अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेने पुण्यात फिर्याद दिली. तिसऱ्या भागातील एका दृश्यात आपल्या बोधचिन्हाशी साम्य असलेले चिन्ह दिसते व त्यामुळे प्रतिमेला धक्का पोहोचतो, असे बँकेचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने निर्मितीसंबंधितांना अंतरिम दिलासा दिला. कराड अर्बन आणि अवसायनात निघालेली बँक ऑफ कराड या दोन वेगळ्या संस्था आहेत; नामसाधर्म्यामुळे त्यांची गल्लत होते.

पुढील मालिका

याच मालिकेच्या पुढील पर्वात, 'स्कॅम २००३: द तेलगी स्टोरी' (२०२३) मध्ये, बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीचा बनावट मुद्रांक घोटाळा हाताळला आहे. संजय सिंह यांच्या हिंदी पुस्तकावर आधारित या पर्वाचे दिग्दर्शन तुषार हिरानंदानी यांनी केले असून गगन देव रियार यांनी तेलगीची भूमिका केली आहे. भरत जाधव, शशांक केतकर आणि नंदू माधव हे मराठी अभिनेतेही त्यात आहेत.