जंतूची ओळख आणि औषधाची निवड : क्षयरोगनिदानाचा ऐतिहासिक आढावा (१८८२ ते २०२०)

प्रस्तावना

जिवाणूजन्य रोगाने आजारी असलेल्या रुग्णाचा नमुना प्रयोगशाळेत येतो, तेव्हा दोन प्रश्न विचारले जातात. नमुन्यात कोणता जिवाणू आहे? आणि तो कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची साधने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपलब्ध झाली. दुसरा प्रश्न मात्र प्रतिजैविकांच्या आगमनानंतरच निर्माण झाला. या दोन उत्तरांमध्ये जे कालांतर पडले, त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागली. क्षयरोगाचा जंतू अतिशय संथ वाढत असल्यामुळे हे कालांतर त्या रोगात सर्वाधिक राहिले. म्हणून प्रस्तुत लेखात क्षयरोगाच्या उदाहरणाद्वारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

जंतूची ओळख : रंजनपद्धती

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू सहजासहजी रंग घेत नाही, परंतु एकदा घेतलेला रंग आम्लाने धुतला तरी सोडत नाही, हा त्याचा गुणधर्म त्याच वर्षी पॉल एर्लिख यांनी उपयोगात आणला. पुढे त्सील व नीलसन यांनी सुधारलेली रंजनपद्धती जगभर रूढ झाली. दरम्यान १८८४ मध्ये हान्स क्रिस्तियान ग्राम यांच्या रंजनपद्धतीने इतर जिवाणूंच्या वर्गीकरणाचा मार्ग सुलभ केला. थुंकीचा नमुना, काचपट्टी, रंजक द्रव्य आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर काही तासांत निदान होऊ लागले.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. एक मिलिलिटर थुंकीत सुमारे पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. शिवाय दिसणारा जंतू जिवंत की मृत, औषधाला दाद देणारा की न देणारा, हे काचपट्टी सांगू शकत नाही. परिणामकारक औषधच नव्हते, तोवर या उणिवेची जाणीव होण्याचे कारण नव्हते.

प्रतिजैविके आणि दुसरा प्रश्न

१९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १०७ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांअखेर स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ मृत्यू पावले होते. परंतु औषध घेणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या शरीरातील जंतू काही आठवड्यांतच त्या औषधाला जुमानेनासे झाले. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात फारसे अंतर उरले नव्हते.

यावर शोधलेला उपाय एकाच वेळी अनेक औषधे देण्याचा होता. १९५२ मध्ये आयसोनायाझिड आणि पुढे रिफॅम्पिसिन उपलब्ध झाल्यावर ही संयुक्त उपचारपद्धती प्रभावी ठरली. तिच्या यशामुळेच दुसरा प्रश्न मागे पडला. औषधसंवेदनशीलता तपासण्यासाठी जंतूंचे संवर्धन करावे लागे. आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळे घन माध्यमावर त्याची वाढ दिसण्यास तीन ते आठ आठवडे लागत आणि त्यापुढे संवेदनशीलता चाचणी होई. उत्तर येईपर्यंत उपचाराचे कित्येक महिने उलटून गेलेले असत.

भारतातील अनुभव

१९९७ मध्ये सुरू झालेला सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम थुंकीच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवर आणि ठरावीक औषधयोजनेवर आधारलेला होता. प्रयोगशाळांची वानवा लक्षात घेता हे धोरण व्यवहार्य होते आणि त्यामुळे असंख्य रुग्ण बरे झाले. परंतु ज्याच्या शरीरातील जंतू मुळातच प्रतिकारक होता, त्याची ओळख बहुधा उपचार फसल्यानंतरच पटे. तोपर्यंत त्याच्या घरातील इतरांनाही त्याच जंतूचा संसर्ग होण्याचा धोका राही.

खासगी क्षेत्रातील स्थिती अधिक चिंताजनक होती. धारावीतील सुमारे शंभर खासगी डॉक्टर क्षयरोगासाठी ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहून देत असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. याच मुंबईतून २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चार रुग्णांविषयीचे टिपण प्रसिद्ध केले. तपासलेल्या कोणत्याच औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. ‘पूर्णतः औषधप्रतिकारक’ या संज्ञेवर शासनाने व जागतिक आरोग्य संघटनेने आक्षेप घेतला. तथापि संज्ञेच्या वादापेक्षा महत्त्वाची बाब अशी की, त्यांपैकी तिघांना अनेक डॉक्टरांकडून अनियमित व देखरेखीविना दुसऱ्या फळीची औषधे मिळालेली होती. चाचणीऐवजी अंदाजाने केलेल्या उपचाराची ही परिणती होती.

वेगाचे दोन अर्थ

या काळात शीघ्र निदानाची साधने नव्हती असे नाही. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचण्या बाजारात सर्रास होत होत्या. त्यांचे उत्तर झटपट मिळे, पण ते विश्वासार्ह नसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्या विरोधात शिफारस केली आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली.

खरा बदल जनुकीय तपासणीने घडवला. रिफॅम्पिसिनला प्रतिकार करणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये ‘आरपीओबी’ या जनुकाच्या एका छोट्या भागात उत्परिवर्तन आढळते. या ज्ञानावर आधारलेल्या ‘जीनएक्स्पर्ट’ चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. जंतूची ओळख आणि रिफॅम्पिसिनविषयीचे उत्तर ही दोन्ही सुमारे दोन तासांत एकत्र मिळू लागली. गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीची ‘ट्रूनॅट’ चाचणी विद्युत्घटावर चालणाऱ्या लहान यंत्रावर करता येते. २०२० मध्ये तिचीही शिफारस झाली. त्यामुळे वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही अशी तपासणी शक्य झाली.

निष्कर्ष

१. जंतूची ओळख आणि औषधाची निवड या दोन प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ एकमेकांपासून दूर राहिली. औषधप्रतिकार त्या अंतरात फोफावला.

२. निदानातील वेग अचूकतेविना निरुपयोगी ठरतो, हे प्रतिपिंड चाचण्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

३. जनुकीय चाचण्यांनी जुन्या पद्धती कालबाह्य केलेल्या नाहीत. मृत जंतूंची जनुकद्रव्येही या चाचण्यांत आढळत असल्याने उपचाराच्या प्रगतीसाठी सूक्ष्मदर्शक व संवर्धन यांचीच गरज भासते.

४. यंत्र उपलब्ध असणे आणि पहिली गोळी देण्यापूर्वी त्याचा उपयोग होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विज्ञानाने साध्य केली; दुसरी साध्य करणे ही आरोग्यव्यवस्थेची आणि ती घडविणाऱ्या समाजाची जबाबदारी आहे.