नाणेघाटातला रांजण आणि आपला टॅक्स

मोबाईलचा रिचार्ज मारला की त्यात 18 टक्के जीएसटी जातो. तेव्हा तोंडातून काय निघतं? "घेतात ते घेतात, पण हा पैसा जातो कुठे?" हा प्रश्न आजचा नाहीये. चला, जुन्नरजवळच्या नाणेघाटात.

सातवाहनांच्या काळात, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल हाच घाट चढून जुन्नरला यायचा. माथ्यावर आजही भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडायची, असं इथली माणसं सांगत आलीत.

आता स्वतःला त्या व्यापाऱ्याच्या जागी ठेवा. धाप लागलीय, पण पायाखाली खडकात खोदलेली वाट आहे, प्यायला टाक्यातलं पाणी आहे, टेकायला लेणं आहे. जकात दिली, पण मोबदला डोळ्यांसमोर!

आणि लेण्यात शिरलं की भिंतीवर दुसराच हिशोब. राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: कुठे 11,000 गाई आणि 1,000 घोडे, कुठे 24,400 कार्षापण नाणी. राजाने खर्च लपवला नाही, उलट मिरवला. पण त्यातलं वाटसरूच्या वाट्याला काय आलं?

गंमत पुढेच आहे. इथल्या एका टाक्याच्या लेखात ते टाकं एका साध्या गृहस्थाने दान दिल्याचं कोरलंय. त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. पाणी कोण पिणार हे दिसत होतं, म्हणून हात सैल सुटला.

हाच मुद्दा 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे रोखठोक मांडला. सरकारच्या तिजोरीत येतो तो पैसा बहुतेक शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर. म्हणून त्यांनी गावोगाव प्राथमिक शाळा मागितल्या. 'सरकारला पैसे देऊ नका' असं नव्हे, तर 'ज्याचे घेता त्याच्यासाठी खर्च करा' असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे कर देताना माणूस कुरकुरतो तो नुसता कंजूषपणाने नाही. रांजण दिसतो, पण टाकं दिसत नाही, तेव्हा खरी चिडचिड होते.

पावसाळ्यात नाणेघाटात रील काढायला जालच. तेव्हा रांजणासोबत ते टाकंही बघा. आणि ग्रामसभेला गेलात तर विचारा: आमचं टाकं कुठंय? भेटू पुढच्या भागात!